बेल सेंटरचा वरचा मजला: हंगामाच्या अखेरीस हॉकी पाहण्याची उत्तम जागा

मॉन्ट्रियलच्या बेल सेंटरमध्ये आइस हॉकीचा एकच सामना पाहण्याइतका खिसा असेल, तर तो एप्रिलमधला, साखळी फेरीच्या अगदी शेवटच्या दिवसांतला निवडावा आणि तिकीट चारशे क्रमांकाच्या कक्षांतले, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावरचे घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये मॉन्ट्रियल कॅनेडियन्स संघाने प्लेऑफसाठी जी धडपड केली, तिच्यातले १४ आणि १६ तारखेचे घरचे सामने मी तेथून पाहिले आणि हे परीक्षण त्याच अनुभवावर आधारलेले आहे. महाराष्ट्रातून कॅनडात आलेल्या आपल्या मंडळींना हॉकी म्हटले की अजूनही टर्फ, चेंडू आणि खडकीचे धनराज पिल्लेच आठवतात; त्यांना या बर्फावरच्या खेळाची गोडी लागावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आधी त्या एप्रिलमध्ये काय पणाला लागले होते ते सांगणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय तिकिटाचे मोल कळणार नाही. नॅशनल हॉकी लीगमध्ये त्या हंगामात प्रत्येक संघ ८२ सामने खेळला. चार विभागांतले पहिले तीन-तीन संघ थेट प्लेऑफमध्ये जातात आणि पूर्व व पश्चिम गटांत प्रत्येकी दोन जागा ‘वाइल्ड कार्ड’ म्हणून, म्हणजे बाकीच्यांत सर्वाधिक गुण असलेल्या संघांसाठी, उरतात. विजयाला दोन गुण मिळतात. जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरलेल्या संघाच्या पदरातही एक गुण पडतो. गुण समसमान झाले, तर नियमित साठ मिनिटांत कोणी अधिक सामने जिंकले ते प्रथम पाहिले जाते. आयपीएलच्या शेवटच्या आठवड्यात आपण नेट रनरेटचा जसा हिशेब मांडत बसतो, तसाच हिशेब येथे सारे शहर मांडत असते. फेब्रुवारीतल्या सुट्टीपर्यंत कॅनेडियन्सने जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले सामने अधिक होते. त्यानंतरच्या २६ सामन्यांपैकी नियमित वेळेत ते केवळ पाच हरले. तरीही शेवटच्या आठवड्यात घास हातातोंडाशी येऊन अडला. ११ एप्रिलला ओटावाकडून ते ५-२ असे हरले, तर १२ तारखेला टोरँटोमध्ये जादा वेळेत १-० असे. पूर्व गटातल्या त्याच शेवटच्या वाइल्ड कार्डसाठी मागून कोलंबसचा संघ एकामागून एक सामने जिंकत येत होता.

अशा स्थितीत सोमवारी, १४ एप्रिलला, गुणतक्त्यात तळाजवळ असलेल्या शिकागोविरुद्ध सामना होता. भुयारी मेट्रोने लुसियन-लालिए किंवा बोनाव्हेंचर या नारंगी मार्गावरच्या स्थानकांवर उतरले की आतल्या आतच बेल सेंटरपर्यंत पोहोचता येते, आणि मॉन्ट्रियलच्या एप्रिलमध्ये ही सोय फार मोलाची आहे. वरच्या मजल्यावरच्या पायऱ्या चांगल्याच उभ्या आहेत. गुडघे दुखत असतील किंवा उंचीची भीती वाटत असेल, तर खालच्या तीनशे क्रमांकाच्या कक्षांत बसावे हे बरे. मात्र याच उभ्या चढामुळे पुढच्याचे डोके आड येत नाही आणि दोनशे फूट लांब, पंच्याऐंशी फूट रुंद रिंक पूर्णपणे नजरेच्या टप्प्यात येते. खालच्या महागड्या खुर्च्यांवरून वेग आणि धडका जवळून दिसतात हे खरे, पण या खेळात चेंडूऐवजी वापरतात ती रबराची चकती जवळच्या कडेच्या फळीलगत गेली की दिसेनाशी होते आणि गोलच्या मागे बसणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सतत संरक्षक जाळी असते. जेमतेम तीन इंच व्यासाची चकती इतक्या उंचावरून दिसेल का, ही शंका प्रत्येक नवख्याला असते. पहिली दहा मिनिटे ती हरवतेही. त्यानंतर नजर चकतीचा पाठलाग सोडून खेळाडूंच्या मांडणीकडे वळते आणि तेथूनच खरा खेळ कळू लागतो.

लेन हटसनचेच उदाहरण घ्या. पाच फूट नऊ इंच उंचीचा कॅनेडियन्सचा हा बचावपटू २०२२ च्या निवडीत, म्हणजे लीगमधले संघ दरवर्षी तरुण खेळाडू क्रमाने निवडतात त्या ‘ड्राफ्ट’मध्ये, ६२ व्या क्रमांकावर घेतला गेला आणि २०२४-२५ च्या पहिल्याच पूर्ण हंगामात ६६ गुण (स्वतःचे गोल आणि गोलला केलेले साहाय्य मिळून) मिळवून त्याने सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर करंडक पटकावला. दूरचित्रवाणीवर त्याचे कौशल्य निम्मेच दिसते, कारण कॅमेरा चकतीला चिकटलेला असतो. वरून पाहताना तो निळ्या रेषेवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्राच्या सीमेवर, आडवा सरकत जातो, खांदा एका बाजूला झुकवतो, त्याला अडवणारा खेळाडू त्या बाजूला एक पाऊल चुकीचे टाकतो आणि त्या दोघांच्या पलीकडे, बर्फावर क्षणापूर्वी नसलेली एक मोकळी वाट तयार होते, हे सारे एका नजरेत येते. आणि ती वाट आपल्याला दिसेपर्यंत त्याने तिच्यातून चकती पाठवलेलीही असते. साधारण पाऊण मिनिटाने खेळाडू बदलतात, तेही बहुतेकदा खेळ चालू असताना. कोणता संघ त्या बदलात अर्धा क्षण उशीर करतो आणि त्याची किंमत कशी मोजतो, हेही वरूनच नीट उमजते.

त्या रात्री इव्हान देमिदोव या एकोणीस वर्षांच्या रशियन खेळाडूचा पहिलाच सामना होता. २०२४ च्या निवडीत पाचव्या क्रमांकावर घेतलेला हा मुलगा काही दिवसांपूर्वीच सेंट पीटर्सबर्गचा संघ सोडून आला होता. पहिल्याच सत्रात त्याने एका गोलला साहाय्य केले आणि एक गोल स्वतः केला, तेव्हा जो आवाज उठला तो मी छातीत अनुभवला. सुमारे २१ हजार प्रेक्षकांचे बेल सेंटर हे या लीगमधले सर्वांत मोठे सभागृह आहे आणि छताजवळ आवाज कोंडला जात असल्यामुळे तो वर अधिकच जाणवतो. लहान मुलांना नेणार असाल, तर कानांवर लावायची संरक्षक साधने अवश्य न्यावीत. घोषणा आधी फ्रेंचमध्ये आणि मग इंग्रजीत होतात. फ्रेंच येत नसली तरी काही अडत नाही, उलट चार शब्द शिकायला मिळतात. छताला संघाच्या २४ स्टॅन्ली कप (या खेळातला सर्वोच्च करंडक) विजयांचे ध्वज टांगलेले आहेत, त्यांतला शेवटचा १९९३ चा. वरच्या मजल्यावरून ते जवळून वाचता येतात.

तो सामना कॅनेडियन्स शूटआउटमध्ये ४-३ असे हरले. लोक हळहळत उठले, पण जिन्यावर जो तो हाच हिशेब करत होता की एक गुण तरी मिळाला. टोरँटोतला एक आणि हा एक, असे हरूनही मिळवलेले दोन गुण पुढे निर्णायक ठरले: हंगाम संपला तेव्हा मॉन्ट्रियलचे ९१ गुण होते आणि कोलंबसचे ८९.

खाण्याबद्दल थोडक्यात सांगतो. भाजलेल्या पावातला हॉट डॉग येथला लाडका पदार्थ आहे आणि मांसाहारी मंडळींनी तो खाऊन पाहावा. पुटीन, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या फोडींवर चीजचे तुकडे आणि गरम रस्सा, शाकाहारी वाटते खरे. पण तो रस्सा बहुधा मांसाच्या अर्कापासून केलेला असतो, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नये. शाकाहारी माणसाने घरून जेवून निघावे आणि आत पॉपकॉर्नवर भागवावे.

तिकिटांच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. मी १६ तारखेचे तिकीट पुनर्विक्रीच्या एका संकेतस्थळावरून घेतले. तेथे शेवटच्या पानावर सेवाशुल्क मिळवल्यावर रक्कम पहिल्या आकड्यापेक्षा बरीच वाढली. सर्व शुल्कांसह किंमत आधी दाखवणारा पर्याय निवडावा आणि मगच तुलना करावी. सामना निर्णायक ठरणार हे दिसू लागले की भाव चढतात, त्यामुळे मार्चच्या मध्यात, संघ शर्यतीत आहे की नाही हे धूसर असतानाच, शेवटच्या दोन घरच्या सामन्यांपैकी एकाचे तिकीट काढून ठेवणे शहाणपणाचे आहे.

१६ एप्रिलला कॅरोलिना समोर होती आणि तिचे प्लेऑफमधले स्थान आधीच पक्के झालेले होते. मॉन्ट्रियलला एक गुण जरी मिळाला असता, तरी कोलंबसचा संघ त्यांना गाठू शकणार नव्हता. तिसऱ्या सत्रात प्रत्येक वेळी चकती आपल्या गोलपासून दूर गेली की माझ्या रांगेतले लोक घड्याळाकडे पाहत होते. सामना ४-२ असा जिंकला आणि २०२१ नंतर प्रथमच संघ प्लेऑफमध्ये गेला. कोणी जागचे हलले नाही. ‘ओले, ओले’चा गजर सुरू राहिला. आमच्या रांगेतल्या अनोळखी माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, त्यांत मीही होतो.

प्लेऑफमध्ये वॉशिंग्टनने कॅनेडियन्सना पाच सामन्यांत हरवले, तरी २५ एप्रिलचा घरचा सामना त्यांनी ६-३ असा जिंकला. तो मी घरी दूरचित्रवाणीवर पाहिला, कारण प्लेऑफचे तिकीट माझ्या आवाक्याबाहेर होते. पैशांची अडचण नसेल, तर त्या सामन्यांनाही जरूर जावे. एकाच सामन्याची ऐपत असेल, तर साखळी फेरीचा अखेरचा घरचा सामना, मध्यरेषेजवळचा कक्ष आणि चारशेमधल्या पुढच्या रांगा हीच निवड करावी. परतताना दोन्ही जवळच्या स्थानकांवर गर्दी उसळते. दहा-बारा मिनिटे चालत हिरव्या मार्गावरचे पील किंवा गी-काँकॉर्डिया स्थानक गाठले, तर गाडीत लवकर जागा मिळते.