किनाऱ्याच्या नकाशासाठी गूगल अर्थ प्रो की क्यूजीआयएस?

सांगली-मिरजेची मुलं भूगोलाचा प्रकल्प घेऊन आंबा घाट उतरायला निघाली की हा प्रश्न येतोच. अर्थ प्रो हे उपग्रहचित्रं पाहायचं सॉफ्टवेअर, क्यूजीआयएस हे नकाशे काढून मोजमाप करायचं. दोन्ही फुकट आहेत, दोन्ही मी बरीच वापरली आहेत. प्रत्येकाची गरज वेगळी असते, हे मान्य. पण पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, किती सरकली हे शोधायचं असेल, तर माझा कल क्यूजीआयएसकडे आहे.

अर्थ प्रो हाताळायला सोपं. त्यात सुरूचं बन, धक्का, घरांची कौलं लख्ख दिसतात. वेळपट्टी मागे सरकवली की जुनी चित्रं समोर येतात. गावच्या बैठकीत ‘इथे बंधारा कधी आला’ हे दाखवायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

माझी अडचण एकाच गोष्टीची, भरती-ओहोटीची. या चित्रांवर तारीख असते, पण घड्याळाची वेळ नसते. शिवाय शेजारशेजारचे पट्टे वेगवेगळ्या तारखांचे असू शकतात. सपाट पुळणीवर पाण्याची कड दिवसातून दोनदा कितीतरी आत-बाहेर होते. मग किनारा खचला की तेव्हा नुसती भरती होती, हे ठरवायचं कसं? सांगलीत कुणी पुराचा फोटो दाखवला की आपण आधी विचारतो, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी तेव्हा पाणी किती फुटांवर होतं, ४५ फुटांची धोका पातळी ओलांडली होती का? समुद्राच्या चित्रालाही हाच प्रश्न विचारायला हवा. अर्थ प्रोकडे त्याचं उत्तर नाही. त्याला दोष देण्याचंही कारण नाही, ते या मोजणीसाठी बनलेलंच नाही.

क्यूजीआयएसमध्ये सेंटिनेल-२ची चित्रं घ्या. २०१५पासूनची मिळतात आणि प्रत्येकावर तारखेसोबत वेळही असते. हा उपग्रह कोकणावरून सकाळी अकराच्या सुमारास जातो. आता कोकणातला जुना हिशेब लावा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पौर्णिमा-अमावास्येला साधारण सव्वाअकरा. म्हणजे त्या दिवसांची चित्रं ऐन उधाणाच्या भरतीची! अष्टमीला भरती सहाला, म्हणून दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. एकाच तिथीची, एकाच ऋतूतली चित्रं निवडली की दोन वर्षांची तुलना खरी होते. ऋतू सांभाळायचा, कारण पावसाळ्यात पुळण झिजते आणि नंतरच्या महिन्यांत पुन्हा भरते. शंका असेल तिथे भरतीचं छापील वेळापत्रक बघावं.

उणीव आहेच. या चित्रातला एक ठिपका १० मीटरचा, त्यामुळे दोन-चार मीटरची धूप त्यात दिसणार नाही. तिथे अर्थ प्रोचं चित्र सरस.

सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर निर्बंध असलेल्या पट्ट्याच्या, कामात मात्र तराजू पुन्हा क्यूजीआयएसकडे झुकतो. २०१९च्या अधिसूचनेनुसार हा पट्टा समुद्राच्या बाजूला भरतीरेषेपासून ५०० मीटर, खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी यांतलं जे कमी ते. मंजूर नकाशा क्यूजीआयएसमध्ये जागेवर बसवून त्यावर हे पट्टे काढता येतात, आणि कुठलं घर, कुठली बाग कशात येते हे यादीसकट मिळतं. कायद्याला चालणारी भरतीरेषा मात्र मंजूर नकाशावरचीच, आपण चित्रावरून काढलेली नव्हे. हे अहवालात स्पष्ट लिहावं.

आणि पट्टे काढण्याआधी नकाशाच्या थरांचं प्रक्षेपण यूटीएम ४३ उत्तर (मीटरमध्ये मोजणारी नकाशापद्धत) करून घ्या, नाहीतर क्यूजीआयएस अंतर मीटरऐवजी अंशांत धरतं.