बोटावरचं ऑक्सिमीटर : आठ महिन्यांनी

निपाणीतल्या मेडिकलमधून बाराशेला घेतलं, आप्पांसाठी. त्यांची हयात तंबाखूच्या वखारीत गेली, वर बिडी. डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसांचा जुनाट आजार सांगितला, घरी रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्केवारीतला आकडा बघत जा म्हणाले.

पहिले पंधरा दिवस आप्पांपेक्षा मलाच जास्त धाप लागली. ९० दिसलं की काढ गाडी! शेवटी डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, निरोगी माणसाचं ९५च्या वर ठीक, पण ऑक्सिजन लावायची वेळ आलीच तर आप्पांसारख्यांना बहुधा ८८ ते ९२ एवढंच धरतात. उगाच सिलिंडर लावून ९८ केलं तर अंगात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येऊ शकते.

डिसेंबरात एका पहाटे ८१! हात बर्फासारखे होते. चोळून ऊब आणली, अर्धा मिनिट थांबलो, तर ९१. वहिनीच्या नेलपॉलिशवरही ते असंच काहीबाही दाखवतं.

आप्पा चोरून बिडी ओढतात आणि वर बोट पुढं करतात, "बघ, कुठं उतरला आकडा?" उतरणार कसा? धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या पदार्थाला चिकटतो आणि मशीनला तो ऑक्सिजनच वाटतो.

पण खरं फसलो ते आईच्या बाबतीत. घागर घेऊन येताना ती मध्येच पायरीवर बसायची. बोट लावलं की ९८. "तुला काही झालेलं नाही" असं मीच चारदा म्हणालो असेन. रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ७.२ निघालं, म्हणजे फारच कमी.

हे मशीन लाल आणि डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड असे दोन प्रकाश बोटातून सोडतं. ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागींची, १९७०च्या दशकातली. त्यावरून हिमोग्लोबिन किती टक्के भरलंय ते कळतं. मुळात आहे किती, ते नाही. आपल्या वडापसारखं बघा. प्रत्येक जीप खचाखच भरून जाते, पण रस्त्यावर जीपच चार असतील तर निम्मा गाव स्टँडवरच उभा राहणार. मशीन फक्त भरलेल्या जीप बघून खूश.

बाकी तक्रार किरकोळ. चिमटा सैल झालाय, आणि सेल काढून ठेवले नाहीत तर महिन्यात उतरतात. आप्पांसाठी पैसे वसूल झाले. आई लोहाच्या गोळ्या घेते, गोळीनंतर लगेच चहा नको म्हटलं की कुरकुरते, पण आता घागर थेट चुलीपाशी आणून ठेवते. आकडा तेव्हाही ९८ होता, आजही ९८च आहे.