नवी पेठेतून घेतलेलं अणूचं किट : प्लॅस्टिक झकास, माप गंडलंय

भाचा नववीला आहे, त्याच्यासाठी नवी पेठेतल्या एका दुकानातून घेतलं, ४५० रुपये. लाल गोट्या प्रोटॉन, करड्या न्यूट्रॉन, निळे मणी इलेक्ट्रॉन आणि तारेच्या रिंगा. गोट्यांत मॅग्नेट आहे, खट्कन चिकटतात, फरशीवर आपटून पण काय झालं नाही. इथपर्यंत पैसे वसूल.

राग कशाचा आला तर डब्यावर चक्क ‘अचूक प्रमाणात’ छापलंय. कुठलं प्रमाण ओ? प्रोटॉनची गोटी २ सेंटीमीटरची, म्हणजे त्रिज्या १. खऱ्या प्रोटॉनची त्रिज्या ०.८४ फेम्टोमीटर, आणि हायड्रोजनमध्ये इलेक्ट्रॉन सापडायची शक्यता सगळ्यात जास्त केंद्रापासून ५३ पिकोमीटरवर (१ पिकोमीटर म्हणजे १००० फेम्टोमीटर), भागाकार केला की साठ हजार पटीच्या वर जातंय, म्हणजे ह्या गोटीच्या हिशोबानं निळा मणी ६०० मीटरच्या पुढं पाहिजे, ह्यांनी तो वीतभर अंतरावर अडकवलाय. दुकानदाराला बोललो तर म्हणतो, “सर, तेवढा डबा ठेवू कुठं मी?” बरोबर आहे म्हणा, पण मग ‘अचूक’ छापू नका की. (इलेक्ट्रॉन असा रिंगेवर फिरत पण नाही, पण ते शाळेच्या पुस्तकातही तसंच काढतात, सोडा.)

एक लाल गोटी उघडते, आत क्वार्क (प्रोटॉन ज्यांचा बनतो ते कण) म्हणून मोहरीएवढे तीन दाणे. इथं तर कहरच. १९६४ साली गेल-मान आणि झ्वाइग या भौतिकशास्त्रज्ञांनी क्वार्कची कल्पना मांडली, तेव्हापासून एवढे प्रयोग झाले पण क्वार्कचा आकार काय हाती लागलेला नाही, असलाच तर प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागापेक्षा कमी. आपल्या गोटीत तो २ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) आतच राहणार, भिंगातून पण दिसायचा नाही. भाचा विचारतो, “मामा, तीन दाण्यांचं वजन मिळून प्रोटॉनचं वजन ना?” नाही रे बाबा, त्या तिघांचं स्वतःचं वस्तुमान जेमतेम १ टक्का, बाकी सगळी आतली ऊर्जा. सोबतच्या पुस्तिकेत ह्यातलं अक्षर नाही, रंग कुठला कशाला ह्यावर मात्र अख्खं पान.

शेवटी घरातल्या सोलापुरी चादरीचं सूत उसवलं आणि त्यातला कापसाचा एक तंतू त्याच्या हातात दिला, हा १५ मायक्रॉनच्या आसपास, ह्याच्या नुसत्या जाडीत लाखभर कार्बनचे अणू ओळीनं बसतात म्हटल्यावर गडी लागला वहीत शून्यं मोजायला. किटनं जे व्हायला पाहिजे होतं ते चादरीनं झालं, वर आईच्या शिव्या वेगळ्या.

कुठल्या अणूत काय किती असतं हे शिकवायला किट चांगलंय, ५ पैकी ३ स्टार. फक्त रिंगांच्या कड्या सैल निघतात, दुकानातच डबा उघडून बघून घ्या, नंतर बदलून द्यायला कुरकुर करतात.