फुकटच्या बोटीचे १७६ डॉलर

न्यूयॉर्कची स्टेटन आयलंड फेरी फुकट असते. १९९७ पासून फुकट आहे. एवढं एक वाक्य मला आधी कोणी सांगितलं असतं, तर शहरातल्या पहिल्याच दिवशी, सकाळी साडेनऊच्या आत, त्या बोटीसाठी मी १७६ डॉलर मोजले नसते.

पर्यटकांना गंडवणारे रस्त्यावरचे तिकीटवाले, अंगात जॅकेट, "काउंटरवर आजची तिकिटं संपली" हा सगळा प्रकार तुम्हाला माहीत असेल. मलाही होता. ऑफिसात बनावट मेसेज कसे ओळखायचे ते लोकांना शिकवणारा माणूस मीच! पण आदल्या संध्याकाळी उतरलो होतो, घड्याळात साडेनऊ तासांचा फरक, रात्री अडीचला दोन्ही पोरं टक्क जागी. पाच वर्षांची धाकटी पलंगावर उड्या मारत होती. बॅटरी पार्कला, म्हणजे स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या (स्टॅच्यू ऑफ लिबर्टी) बोटी सुटतात त्या बागेत, पोचेपर्यंत तीच माझ्या खांद्यावर गाढ झोपलेली, शर्ट लाळेने ओला. अशा अवस्थेतल्या बापाला कोणीही काहीही विकू शकतो. सबब वाटत असेल तर वाटू दे.

तिथे एक तिकीटवाला आडवा आला. निळं जॅकेट, पाठीवर 'ऑथराइज्ड', हातात लॅमिनेट केलेला नकाशा. त्याने मला विचारलंच नाही. नऊ वर्षांच्या मुलाला विचारलं, "पुतळा बघायचाय ना?" आणि त्याच्या डोक्यावर फोमचा हिरवा मुकुट ठेवला. मग माझ्याकडे वळून: त्या रांगेत तीन तास, विमानतळासारखी तपासणी, मुलांचे हाल होतील. तपासणी खरोखरच असते, म्हणून तर पटलं. त्याची 'एक्स्प्रेस' बोट मोठ्यांना ४९, मुलांना २९. आम्ही चौघं, १५६ डॉलर. कार्ड टेकवलं आणि पैसे गेले. ओटीपी नाही, पिन नाही. वरचे २० डॉलर टिप म्हणून त्याने आपणच घातले होते, ते रात्री हॉटेलच्या वायफायवर मेल उघडल्यावर कळलं. (परदेशात कार्डाची मर्यादा अ‍ॅपमधून रोजच्या खर्चापुरतीच ठेवा. आणि मशीनवरचा आकडा वाचा. पोर खांद्यावर असलं तरी वाचा.)

त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र सगळा वेळ उलटं होतं. कोरी पांढरी बाजू पुढे, एका कोपऱ्यात प्लास्टिक सुटलेलं. मला ते दिसत होतं. वाऱ्याने उलटलं असेल, असं त्याच्या वतीने उत्तरही मीच मनात देऊन टाकलं.

व्हाइटहॉल टर्मिनलच्या, म्हणजे बोटीच्या धक्क्याच्या, दारापर्यंत तो सोबत आला. "तिकीट दाखवायची गरज नाही, आत त्यांना माहीत आहे," म्हणाला आणि बाहेरच थांबला. आत शेकडो माणसं, पण तिकीट तपासणारा एकही नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, कोणीच तिकीट दाखवत नाहीये." आणि मी काय म्हणालो? "चल पटपट, खिडकीची जागा जाईल." हे आठवलं की अजून कानशिलं तापतात. समोर नारिंगी बोटीवर भल्यामोठ्या अक्षरांत 'स्टेटन आयलंड फेरी' असं नाव लिहिलेलं होतं. तेही मी वाचलं. वाटलं, पुतळा त्याच बेटावर असेल.

पुतळा लिबर्टी आयलंडवर आहे. आमची बोट त्याच्या बरीच लांबून पुढे गेली, थांबली नाही. "आता वळेल," असं मुलगा म्हणत राहिला. पंचवीस मिनिटांनी पलीकडे सगळ्यांना उतरवलं. रात्रपाळी करून घरी निघालेल्या एका बाईंना पावती दाखवली. त्या नुसत्याच "ओह, नो" म्हणाल्या. बायको काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

परतल्यावर टर्मिनलवरच्या पोलिसाने विचारलं, "बोटीत बसलात ना? मग?" चौकीवर जा म्हणाला. चौकीवर दीड तास बाकावर, धाकटी रडून रडून पुन्हा झोपली. मग प्रश्न: विकणाऱ्याचं नाव काय? अहो, ते माहीत असतं तर! शेवटी हा 'तुमचा आपसातला व्यवहार' आहे, गुन्हा नाही, असं सांगून एक छापील कागद हातात दिला. त्यावरच्या नंबरला फोन केला तर तिथून पुन्हा पोलिसांकडे जा. बँकेने त्याहून कहर केला. बेचाळीस दिवसांनी उत्तर: कार्ड तुम्ही स्वतः वापरलं, सेवा घेतलेली दिसते, तक्रार बंद. कोणती सेवा? फुकटची?

पुतळ्यावर उतरवणारी बोट नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी खात्याने नेमलेल्या एकाच कंपनीची असते. तिकीट त्यांच्या साइटवर, नाहीतर बॅटरी पार्कातल्या कॅसल क्लिंटन या जुन्या किल्ल्यातल्या खिडकीवर, मोठ्यांना साधारण पंचवीस डॉलर. फुटपाथवर कोणी अधिकृत विक्रेता नसतो, जॅकेटवर काहीही लिहिलेलं असो. आणि पोरं पेंगत असतील तर पहिल्या दिवशी ती नारिंगी बोटच बरी, पुतळा लांबून छान दिसतो. फक्त पैसे देऊ नका.

तिसऱ्या दिवशी आम्ही रीतसर तिकीट काढून गेलो. रांगेकडे वळताना तोच माणूस, तेच जॅकेट. "पुतळा, फॅमिली?" मला ओळखलंसुद्धा नाही. मी फोन वर केला, फोटो काढायला. त्याने शांतपणे पाठ फिरवली आणि पुढच्या बाबागाडीकडे गेला. ओळखपत्र उलटंच होतं. वीस पावलांवर पोलीस कॉफी पीत उभा होता.