पिकअपला ऑल-टेरेन टायर: दहा महिने, साडेचौदा हजार किलोमीटर

गाडी इसुझू व्ही-क्रॉस, चार बाय चार. राहणं जुळे सोलापूरला, डाळिंबाची बाग सांगोल्याच्या पुढे. आठवड्यातून दोनदा तरी ये-जा असते. ऐंशीएक किलोमीटर चांगला हायवे, मग गावचा डांबरी म्हणवणारा रस्ता, शेवटी दोन किलोमीटर पाणंद. मागे दहा-बारा क्रेट, नाहीतर ड्रिपच्या नळ्या आणि औषधाचे कॅन.

कंपनीकडून आलेल्या 255/60 आर 18 हायवे टायरनी 48 हजार किलोमीटर निमूट काढले. त्यांचा जीव गेला तो तुरीच्या धसकटाने. तूर कापताना कोयता तिरका लागतो, त्यामुळे उरलेलं खुंट भाल्यासारखं होतं आणि वाळलं की लाकूड कसलं, लोखंडच. शेजाऱ्याच्या रानातून गाडी वळवताना मागचा डावा टायर बगलेत फाटला. पंक्चरवाल्या चाचांनी बोट घालून बघितलं आणि म्हणाले, "वरच्या नक्षीत असतं तर मशरूम (आतून लावायचं रबरी बूच) मारला असता. बगलेला काय करणार बे?" टायर नाक्यावरच सोडला, एक जुना घेऊन तेवढ्यावर सहा महिने ढकलले आणि ऑगस्टमध्ये चारही बदलून ऑल-टेरेन घेतले, म्हणजे हायवे आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे मधल्या नक्षीचे टायर.

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर खाली कॉमेंटमध्ये त्यावरूनच जुंपते. तसंही माझा जास्त वेळ मापात गेला.

पहिल्या दुकानदाराने 285 रुंदीचा सेट पुढे केला. "गाडी कशी दिसंल बघा की!" दिसते, खरं आहे. पण मित्राच्या गाडीला तसलेच आहेत आणि पूर्ण स्टेअरिंग मारलं की आतल्या प्लास्टिकला घासून खर्र-खर्र आवाज येतो. त्याने लायनर कापून घेतलं, तरी खड्ड्यात आपटली की घासतंच. मी 265/60 आर 18 वर थांबलो. हिशेब असा: 255 मिलिमीटर रुंदीचे साठ टक्के म्हणजे 153 मिलिमीटर बगल, ती दोनदा, अधिक 18 इंची रिम, एकूण व्यास 763 मिलिमीटर. 265 चा 775. फरक 12 मिलिमीटर, आणि जमिनीपासूनची उंची वाढते त्याच्या निम्मीच. सहा मिलिमीटर, म्हणजे साधारण पेन्सिलीची जाडी! उंची वाढावी म्हणून टायर बदलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. रुंद घेतल्याचा फायदा रेतीत होतो, आणि बगल थोडी जास्त मिळते, इतकंच.

आता ज्याने मी जवळजवळ फसलो होतो ती गोष्ट. मापाच्या पुढे एक आकडा असतो, तो वजनाचा. माझ्या जुन्या टायरवर 112 होता, म्हणजे एक टायर 1120 किलो पेलणार. 265 मध्ये 110 वालाही मिळतो, तो 1060 चा. टायर रुंद झाला आणि ताकद उतरली. दुकानदार हे सांगत नाही, कारण त्यालाही माहीत नसतं. मी 114 वाला मागवला, 1180 किलोचा, त्यासाठी आठ दिवस थांबलो. एलटी नावाचे जाड बगलेचे ट्रकछाप टायरही बघितले. ते रिकाम्या गाडीला फार कडक पडतात. आमच्या आप्पांचे गुडघे आणि गावोगावचे स्पीड ब्रेकर यांचं गणित त्यात बसेना.

दुसरी खबरदारी. बगलेवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. पहिल्यांदा आलेल्या चारपैकी दोन टायर अडीच वर्षं जुने निघाले. दुकानदार म्हणाला, "नवाच आहे, वापरलेला थोडाच आहे?" मी परत पाठवले. वाद झाला, चहा झाला, बदलून मिळाले. बिल अलाइनमेंट-बॅलन्सिंगसह 68 हजारांच्या घरात गेलं.

बसवायच्या आधी बागेतल्या क्रेट मोजायच्या काट्यावर जुना आणि नवा टायर ठेवून बघितला. जुना झिजलेला 14 किलो 900 ग्रॅम, नवा 18 किलो 100. चार चाकांना मिळून जवळजवळ तेरा किलो. पिकअपला तेरा किलो म्हणजे काहीच नाही, पण ते फिरणारं वजन आहे. पहिल्या दिवशी सिग्नलवरून उठतानाच गाडी जरा सुस्तावल्यासारखी वाटली. मायलेज हायवेला 12 चं 11.2 वर आलं. मीटरवर तर 11 दिसतं, पण टायर मोठा झाल्यामुळे मीटर किलोमीटर दीड टक्क्याने कमी मोजतो, ते धरून 11.2.

आवाजाबद्दल खरं सांगायचं तर साठपर्यंत काही नाही, सत्तरच्या पुढे घूं सुरू होतं. माझं बालपण सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेलं, मला त्याचं काही वाटत नाही. बायको मात्र पहिल्याच फेरीत मोहोळच्या अलीकडे म्हणाली, "अहो, काच उघडी राहिलीय का कुठली?" नंतर सवय झाली, पण फोनवर बोलायचं तर आवाज चढवावा लागतो.

आणि काळी माती. ज्यांनी "चिखलासाठी" ऑल-टेरेन घ्यायचे ठरवलेत त्यांनी हे नीट वाचा. सोलापुरात पाऊस थोडा, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. तशाच एका पावसानंतर वाफसा यायच्या आधी मी पाणंदीत शिरलो. पहिले पन्नास मीटर मुरूम, गाडी बकरीसारखी चढली. पुढे काळी सुरू झाली आणि दोन गिरक्यांत नक्षीच्या सगळ्या फटी लिंपून गेल्या. चार टायर नव्हे, चार गुळगुळीत काळे लाडू. फोर-लोमध्ये (चारही चाकांना कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर) टाकलं, हवा 22 पीएसआयपर्यंत उतरवली, गाडी आडवी सरकून बांधाला टेकली. शेजारच्या तात्यांनी ट्रॅक्टर आणला, साखळी लावली आणि एवढंच बोलले, "लगा, एवढ्या पैशात जुना ट्रॅक्टर आला असता." काळ्या मातीत मधल्या नक्षीच्या टायरला काही अर्थ नाही. तिथे वाफसा येईपर्यंत घरी बसणे हाच उपाय, किंवा मग मोठ्या गोट्यांचे मड-टेरेन, जे रोज हायवेला चालवणं म्हणजे शिक्षा.

मग पैसे वसूल कुठे झाले? काट्यांत आणि दगडांत. आपल्याकडची वेडी बाभूळ सगळ्यांना माहीत आहे; ओढ्याच्या कडेने गेलं की काटा चपलेतून टाचेपर्यंत येतो. जानेवारीत एका संध्याकाळी पक्कड घेऊन बसलो आणि चारही टायरमधून मोजून सतरा काटे उपसले. बहुतेक बोटाच्या पेराएवढे, नक्षीच्या ठोकळ्यात शिरून तिथेच मोडलेले. नव्या टायरची नक्षी जवळजवळ अकरा मिलिमीटर खोल, काट्याला हवेपर्यंत पोचायला जागाच नाही. फक्त एक आरपार गेला होता, तो मी उपसल्यावर फुस्स झालं. (म्हणून सांगतो, उपसायचं काम पंक्चरच्या दुकानापासून लांब करू नका.) दहा महिन्यांत हे एकच पंक्चर. आधीच्या टायरना वर्षाला पाच-सहा ठरलेले. धसकटाचा ओरखडा या वर्षीही बगलेला आला, नख आत जाईल एवढा, पण दोरे दिसत नाहीत.

माण नदीच्या पात्रातल्या रेतीत 20 वर हवा उतरवली तेव्हा गाडी बिनतक्रार पार झाली. पण उतरवलेली हवा भरायला लायटरच्या सॉकेटवरचा छोटा कॉम्प्रेसर जवळ हवाच. माझ्याला एका टायरला सात मिनिटं लागतात, भर उन्हात ती सत्तर वाटतात.

ऊन म्हटल्यावर मे महिन्याचं. पारा बेचाळीसच्या पुढे, सकाळी 33 भरलेली हवा दुपारी हायवेवर 38 दाखवते. घाबरून काढू नका, मी एकदा काढली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारही टायर 28 वर बसलेले. हवा नेहमी थंड टायरलाच बघायची. ओल्या रस्त्यावर मात्र ब्रेक जुन्या टायरपेक्षा उशिरा लागतो. पहिल्या सरीत हायवेवरच्या काँक्रीटला मला ते जाणवलं, तेव्हापासून पावसात ऐंशीच्या वर जात नाही.

झीज गेजने मोजली: नक्षीची खोली 10.8 मिलिमीटरवरून 8.6. आठ हजारांना एकदा पुढचे मागे केले. 1.6 पर्यंत वापरायचं म्हटलं तर साठ हजारांपर्यंत जातील असं वाटतंय, उन्हाळे किती येतात त्यावर आहे.

एक चूक राहिलीय. पैसे वाचवायला स्टेपनी जुन्याच मापाची ठेवली. हायवेला पंक्चर झालं तर घरापर्यंत चालेल, पण एका एक्सलला 763 आणि 775 अशी जोडी लावून फोर-व्हील टाकली तर गिअरबॉक्समागच्या पेटीवर ताण येतो. म्हणजे जिथे फोर-व्हील लागणार, नेमकं तिथेच ती स्टेपनी बिनकामाची. डाळिंबाच्या आंबे बहाराचा माल उतरला की पाचवा टायर घ्यायचाय, आणि या वेळी चार आकडे दुकानात पाय ठेवायच्या आधी फोटोत मागवणार.