दहा जण, एक लीग आणि आधीच माहीत असलेलं भविष्य: ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ पाच वर्षं वापरल्यावर

शनिवारी रात्री साडेआठला मी पिट्सबर्गमध्ये लॅपटॉप उघडतो, तेव्हा पुण्यात माझ्या मेहुण्याकडे रविवारचे सकाळचे सहा वाजलेले असतात. तो चहाचा कप घेऊन कॅमेऱ्यासमोर बसतो आणि पहिला प्रश्न टाकतो, “दाजी, एक्सपोर्ट आल्या का सगळ्यांच्या?” एक्सपोर्ट म्हणजे प्रत्येकाने आपल्या संघाची पाठवायची फाइल. ‘आउट ऑफ द पार्क’ या संगणकावर बेसबॉलचा संघ चालवायच्या खेळात आमची लीग आहे, तिच्यात दहा माणसं आहेत: शिकागोत नोकरी करणारा माझा मुलगा, शेजारचे निवृत्त पोस्टमन, मेहुणा, मी आणि ऑफिसातले व ओळखीचे सहा जण. संघ सोळा. उरलेले सहा संगणक चालवतो. बेसबॉलच्या इतिहासातल्या १९१५ पासून सुरुवात केली, सध्या १९३६ चा हंगाम संपलाय. मी कमिशनर, म्हणजे नियम लिहायची आणि त्यावरून बोलणी खायची जबाबदारी माझी. त्यामुळे हे परीक्षणही त्याच खुर्चीतून लिहितोय. या खेळात चित्रं कशी दिसतात यापेक्षा त्यात नियम कसे बसवता येतात, यावर माझं सगळं लक्ष असतं.

त्याआधी आम्ही सुरुवात केली ती स्ट्रॅट-ओ-मॅटिक या बेसबॉलच्या बैठ्या खेळाच्या पत्त्यांवर. हॅल रिचमन यांनी १९६१ पासून विकायला काढलेला हा खेळ आजही मला मनापासून आवडतो. तीन फासे टाकायचे. एकट्या फाशावर एक ते तीन पडलं तर बॅटरचं कार्ड बघायचं, चार ते सहा पडलं तर पिचरचं, आणि बाकी दोन फाशांची बेरीज सांगते की काय घडलं. निम्मी सत्ता याची, निम्मी त्याची. मुलगा बारा वर्षांचा असताना आम्ही १९५७ चा हंगाम खेळलो. त्याने मिलवॉकी ब्रेव्ह्ज घेतले आणि बॉब हेझल नावाच्या माणसाला १५४ च्या १५४ सामने खेळवलं. हेझल प्रत्यक्षात त्या वर्षी फक्त ४१ सामने खेळला होता. १३४ अ‍ॅट-बॅट (बॅटिंगच्या मोजल्या जाणाऱ्या पाळ्या), सरासरी .४०३, म्हणजे हजार पाळ्यांमागे ४०३ हिट. दोन महिन्यांचं वादळ कार्डावर वर्षभराचं होऊन बसलं. मुलाचं काही चुकलं नव्हतं, नियमच नव्हता. त्या रात्री वहीत पहिला नियम लिहिला: खऱ्या अ‍ॅट-बॅटच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त वर जायचं नाही.

एकाच हंगामाच्या खेळाला तेवढं पुरतं. वर्षामागून वर्षं चालणाऱ्या लीगला पुरत नाही, कारण तिथे खरी अडचण वेगळी असते. सगळ्यांना भविष्य माहीत असतं.

१९१५ मध्ये बेब रूथ बोस्टनचा पिचर होता. १८ विजय, ८ पराभव. बॅट हातात घेतल्यावर ९२ अ‍ॅट-बॅटमध्ये ४ होमरन. अख्ख्या अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगचा अर्धा भाग, दुसरा अर्धा नॅशनल लीग) त्या वर्षी सर्वांत जास्त होमरन ७ होते, ते ब्रॅगो रॉथचे. त्या काळच्या मालकाच्या डोळ्यांनी बघितलं तर रूथ म्हणजे चांगला डावखुरा पिचर, पुढे काय होईल ते होवो. आमच्या डोळ्यांनी बघितलं तर तो बेब रूथ, पुढे होमरनचा बादशहा झालेला. मग ड्राफ्टला, म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडण्याला, अर्थ काय राहिला? पहिला नंबर ज्याचा लागला तो वीस वर्षं निवांत.

मार्कुस हाइन्झोन या जर्मन माणसाने १९९९ मध्ये पहिल्यांदा आणलेल्या ‘आउट ऑफ द पार्क’ची थोरवी मला इथे दिसते. १८७१ पासून हवं ते वर्ष निवडा, खेळाडू खरे घ्या. पण त्यांचं पुढचं आयुष्य कसं ठरायचं, हे खेळ तुमच्यावर सोपवतो. एक वाट ‘रीकॅल्क’ची. दर हंगामाला खेळाडूचं मूल्य त्याच्या खऱ्या आकड्यांवरून पुन्हा मांडलं जातं. एका वर्षाचा हिशेब धरला तर हेझलची गोष्ट परत. आधीचं आणि नंतरचं वर्ष मिसळून तीन वर्षांचा धरला तर वादळं शमतात, पण भविष्य माहीत असण्याचं दुखणं तसंच राहतं. दुसरी वाट ‘डेव्हलपमेंट इंजिन’ची. सुरुवातीला खेळाडूची गुणवत्ता खऱ्या कारकिर्दीवरून ठरते, पुढे तो वाढेल की खंगेल हे इंजिन ठरवतं. ते किती लहरी असावं याचाही आकडा बदलता येतो. तिसरी वाट, खेळाडू इतिहासातल्या कुठल्याही वर्षी अचानक पदार्पण करतील अशी. ती आम्ही घेतली नाही. मला वॅगनर आणि कॉब हे त्या काळचे दिग्गज एकमेकांसमोर हवेच होते.

आम्ही दुसरी वाट धरली आणि मतदानात ती सहा विरुद्ध चार अशी जेमतेम पास झाली. मुलाने पहिल्या नंबरवर रूथ घेतला. आमच्या १९१८ मध्ये रूथचं कोपर गेलं. पुढे तो चांगला बॅटर झाला, पण दंतकथा झाला नाही. मुलगा दोन शनिवार गप्प होता. तिसऱ्या शनिवारी म्हणाला, “बाबा, आता पुढं काय होणार ते मलाच माहीत नाही,” आणि मग ट्रेडवर तासभर भांडला. नियम बरोबर बसल्याची याहून चांगली खूण मला मागायची नव्हती.

याच्याच जोडीला आणखी एक सोय आहे आणि ती बहुतेक लोक न बघता पुढे जातात: त्या त्या वर्षाच्या लीगची एकूण पातळी. १९०८ मध्ये दोन्ही लीगची सरासरी .२३९ च्या आसपास होती. १९३० मध्ये नॅशनल लीगने मिळून .३०३ मारली. खेळाडूंचं नशीब मोकळं सोडलं तरी हे प्रमाण खऱ्या वर्षाला बांधून ठेवता येतं. आम्ही ते बांधलंय. हवामान इतिहासाचं, पीक आमचं. माझे वडील साताऱ्याकडचे शेतकरी होते, त्यांना हा नियम एका वाक्यात पटला असता.

मैदानांचंही तेच. सगळी मैदानं एकसारखी करून टाका असा प्रस्ताव आला होता, मी तो मांडूच दिला नाही. माझा संघ पायरेट्स, मैदान फोर्ब्स फील्ड. तिथे डाव्या-मधल्या कोपऱ्यात कुंपण इतकं लांब होतं की चीफ विल्सनने १९१२ मध्ये एका हंगामात ३६ ट्रिपल (एका फटक्यात थेट तिसरा बेस) मारले आणि तो विक्रम अजून उभा आहे. त्या मैदानाच्या भिंतीचा तुकडा आजही विद्यापीठाजवळ आहे. तिला हात लावून आलेल्या माणसाला मैदान सपाट करा म्हणून सांगू नये.

आता ज्या नियमावर आम्ही सहा आठवडे घालवले तो. खऱ्या इतिहासात जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ ला मैदानात येईपर्यंत मेजर लीगची दारं कृष्णवर्णीय खेळाडूंना बंद होती. आमच्यातल्या दोघांचं म्हणणं होतं, लीग ऐतिहासिक आहे तर तेही ठेवा. त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना अचूकपणा हवा होता. पण त्या अचूकपणाचा अर्थ काय होतो ते बघा. सॅचेल पेजसारखा पिचर आमच्याकडे १९४८ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी येणार. आणि जॉश गिब्सन येणारच नाही, कारण रॉबिन्सनच्या पदार्पणाच्या तीन महिने आधी, जानेवारी १९४७ मध्ये तो गेला. हा माणूस माझ्या गावात, पिट्सबर्गमध्ये खेळला. त्याच्या क्रॉफर्ड्स संघाचं मैदान ग्रीनली फील्ड १९३२ मध्ये उभं राहिलं आणि १९३८ मध्ये पाडलं गेलं. मे २०२४ मध्ये निग्रो लीगचे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगचे, आकडे अधिकृत नोंदींत आले तेव्हा गिब्सनची .३७२ ही सरासरी टाय कॉबच्या .३६७ च्या वर गेली.

मी बैठकीत पळवणकर बाळूंबद्दल बोललो. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा हा डावखुरा गोलंदाज, आणि हिंदू संघाचं कप्तानपद त्याला जातीमुळे कधी मिळालं नाही. ते मिळालं त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये. मी म्हटलं, उद्या कुणी त्या काळच्या मुंबईच्या क्रिकेटचा असा खेळ काढला आणि बाळूंना कप्तान करायचं बटणच ठेवलं नाही, तर मी त्याला अचूक म्हणणार नाही. पोस्टमन काका बराच वेळ काही बोलले नाहीत. लहानपणी त्यांच्या वडिलांनी गिब्सनला खेळताना पाहिलं होतं. मग ते म्हणाले, “लिही.” नियम असा झाला: १९२० पासून निग्रो लीगचे खेळाडू ड्राफ्टमध्ये, इतरांसारखेच. सॉफ्टवेअरमध्ये हे खेळाडू आहेत, सोयही आहे. ठरवायचं आम्हालाच होतं.

बाकीचे नियम छोटे. पैसे घेऊन खेळाडू विकायचा नाही. एक लाख डॉलरला रूथ विकणारी बोस्टनची चूक कुणाला परवडत नाही. लागोपाठ तीन वेळा एक्सपोर्ट चुकली तर संघ संगणकाकडे. हा नियम उशिरा आला, कारण एक सदस्य मधेच निघून गेला आणि त्याच्या संघाचं काय करायचं हे मी आधी लिहिलंच नव्हतं. ती चूक सर्वस्वी माझी.

घ्यावं का? एकट्याने संध्याकाळी चार डाव खेळायचे असतील तर पत्ते आणि फासे घ्या, त्यात जास्त सुख आहे. पाच-सहा जण जमवून पिढ्यान्‌पिढ्या चालणारी लीग उभी करायची असेल तर हेच घ्या. पडद्यांमागे पडदे आहेत, महिनाभर तरी चाचपडणं आलं. त्या महिन्यात खरी लीग सुरू करू नका, एक खोटी लीग वीस वर्षं पळवून बघा आणि मग नियम लिहा. दर वसंतात नवी आवृत्ती येते. दरवर्षी घ्यायची गरज नाही, फक्त लीगमधल्या सगळ्यांची आवृत्ती एकच हवी. खेळाडूंची मूल्यं दाखवणारे आकडे लपवून केवळ धावपत्रकावरून संघ चालवता येतो, तेही करून बघा. आम्ही १९२५ पासून तसंच खेळतोय.

एक सेटिंग मात्र विसरू नका: खेळाडूंनी इतिहासाप्रमाणे निवृत्त व्हावं की नाही. आम्ही ‘नाही’ ठेवलंय. रे चॅपमन ऑगस्ट १९२० मध्ये पोलो ग्राउंड्सवर डोक्याला चेंडू लागून गेला. आमच्याकडे तो १९२७ पर्यंत शॉर्टस्टॉपला उभा होता. आणि मेहुण्याच्या संघात पहिल्या बेसवर लू गेरिग आहे, तेहेतीस वर्षांचा. येत्या शनिवारी १९३७ सुरू होतंय, १९३९ काही लांब नाही, आणि खऱ्या इतिहासात त्याच वर्षी आजारपणाने गेरिगचा खेळ थांबला. मेहुण्याने परवा पुन्हा खात्री करून घेतली, “ते सेटिंग बंदच आहे ना, दाजी?” मी लॅपटॉप उघडून त्याला दाखवलं. बंदच आहे.