मुलाच्या वाचनाची तपासणी केली त्या क्लिनिकबद्दल, चार स्टार

आमचा धाकटा चौथीत आहे, वय ९, सेमी इंग्लिश. बोलायला एक नंबर, पण वाचायला बसवलं की पाणी प्यायला उठतो, बाथरूमला जातो, पेन्सिलला टोक करत बसतो. ‘घर’ला ‘धर’ लिहितो, ‘भात’ला ‘मात’, आणि खोडून खोडून कागदाला भोक पडतं. रविवारी संध्याकाळीच पोट दुखायला लागायचं, सोमवारी सकाळी जास्त, आणि शाळा चुकली की अकरा वाजता भाकरी शेंगाचटणी खाऊन खेळायला तयार. नाटकं करतोय म्हणून मी दोनदा मारलंय त्याला, आता आठवलं की पोटात कालवतं.

आधी एका ठिकाणी दाखवलं होतं. वही उघडूनसुद्धा बघितली नाही, दहा मिनिटांत ‘लक्ष कमी आहे’ म्हणून सांगितलं आणि औषध लिहून दिलं. मग ओळखीतल्या एकांनी सांगितलं की घरी तेलुगू बोलता म्हणून मराठी वाचन मागं पडतंय, तेलुगू बंद करा. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले तेलुगू, अव्वाशी म्हणजे आजीशी तो दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलणार सांगा की. सोलापुरात कितीतरी घरांत तेलुगू नाहीतर कन्नड बोलतात आणि पोरं मराठी शाळेत जातात, सगळीच काय अडखळत नाहीत.

इथं विजापूर रोडला या क्लिनिकची अपॉइंटमेंट पाच आठवड्यांनी मिळाली, हा पहिला वैताग. पण नंतर चार वेळा बोलावलं आणि प्रत्येक वेळी तास दीड तास दिला. पहिल्या दिवशी तपासणाऱ्या मॅडमनी पोराला काहीच विचारलं नाही, आम्हा दोघांशीच बोलल्या, बाळंतपण कसं झालं, बोलायला कधी लागला, झोप कशी, घरात अजून कुणाला वाचायला जड जायचं का. तेव्हा हे पहिल्यांदा बोलले की मला पण सातवीपर्यंत धड वाचता येत नव्हतं. लग्नाला बारा वर्षं झाली, मला हे माहीतच नव्हतं.

डोळे आणि कान तपासून रिपोर्ट आणा मगच पुढं जाऊ म्हणाल्या. शाळेतल्या बाईंसाठी पण फॉर्म दिला, कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, खूपदा अशा खुणा करायच्या. कारण लक्षाचा आजार म्हणायचा तर तो घरी पण दिसला पाहिजे आणि शाळेत पण, आणि सहा महिने तरी टिकलेला पाहिजे, एकाच जागेवरून ठरवत नाहीत. बाईंनी लिहिलं की गणिताच्या तासाला, चित्रकलेला एकदम नीट बसतो, फक्त वाचनाच्या तासाला चुळबुळ. मॅडम म्हणाल्या हीच खूण महत्त्वाची.

मग टेस्ट. बुद्धीची मालिन यांची, १९६९ ची, आपल्याकडच्या मुलांसाठी बसवलेली. इतकी जुनी कशी चालते असं मी विचारलं तर न चिडता सांगितलं की म्हणूनच नुसत्या आकड्यावर जायचं नसतं, बाकी सगळ्याबरोबर लावून बघायचं. आकडा चांगला आला, पोरगा मंद नाही हे कागदावर बघून मी तिथंच रडले. वाचन लेखनासाठी बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची टेस्ट, त्यातला ८ ते १२ वयाचा भाग. तपासणी चालू असताना खालून वरात निघाली, बँडचा आवाज, तर मॅडमनी टेस्ट थांबवली, त्याला पाणी दिलं, आवाज गेल्यावर परत सुरू केली.

आता खरी गोष्ट. त्यांनी त्याला विचारलं, ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय राहिलं? हा गप्प. चपलेच्या अंगठ्याशी खेळत बसला. मग माझ्याकडून तेलुगू शब्द मागितले, मी ‘पलका’ दिला, म्हणजे पाटी. त्यातला ‘प’ काढ म्हटलं. पुन्हा गप्प. हे तेलुगू, जे तो अव्वाशी दिवसभर बोलतो, तिला कावळ्याची गोष्ट न अडखळता सांगतो. मॅडमनी समजावलं की नुसती भाषेची अडचण असती तर तेलुगूत हे जमलं असतं, शब्दाचे आवाज सुटे करायलाच त्याला जड जातंय. आणि हे पण सांगितलं की तेलुगूतलं हे काही ठरवून बसवलेली टेस्ट नाही, माझं निरीक्षण आहे, रिपोर्टमध्ये तसंच लिहीन. हे स्पष्ट सांगितलं म्हणून मला त्यांच्यावर भरवसा बसला.

तरी शिक्का मारला नाही. लर्निंग डिसॅबिलिटीकडे, म्हणजे बुद्धी चांगली असून वाचन लेखन जड जाण्याकडे झुकतंय, पण आधी सहा महिने नीट शिकवून बघायचं आणि तरी अडचण राहिली तरच तसं म्हणायचं, नियमच तसा आहे. आठवड्यातून दोनदा रेमेडियल म्हणजे अशा मुलांसाठीची खास शिकवणी, घरी रोज पंधरा मिनिटं, मोठ्यानं वाचायला लावून चारचौघात हसू नये असं शाळेला पत्र. पोटदुखी पण भीतीमुळंच, तिला वेगळं औषध नाही. यांना लगेच अपंगत्वाचं सर्टिफिकेट पाहिजे होतं, थोडे नाराज झाले. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात लर्निंग डिसॅबिलिटी धरलेली आहे पण खाजगी रिपोर्ट म्हणजे सर्टिफिकेट नव्हे, ते सरकारी दवाखान्यातून होतं, आपण सिव्हिलला चौकशी करायची.

एक स्टार का कापला ते पण सांगते. रिपोर्ट नऊ पानांचा आणि सगळा इंग्रजीत. तोंडी मराठीत सगळं समजावलं, पण शाळेतल्या बाईंना आणि अव्वाला दाखवायचं तर मराठीत एक पान तरी द्यावं. जिना उभा आहे, म्हाताऱ्या माणसाला चढवत नाही. चार वेळचे मिळून साडेचार हजार झाले, ते मला जास्त वाटले नाहीत पण सगळ्यांना झेपतील असं पण नाही.

वेटिंगला दहावी बारावीची पोरं पण खूप बघितली. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयात ७.३ टक्के मुलांना काही ना काही त्रास निघाला होता, तिथं बसल्यावर ते आकडे खरे वाटतात. अपॉइंटमेंटला वेळ असेल आणि पोरगं फार खचलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

आणि जाताना वह्या घेऊन जा. चौथीच्या चालू नाही, दुसरी तिसरीच्या जुन्या. मॅडमनी त्याच मागितल्या आणि आम्ही सगळ्या रद्दीत घातल्या होत्या, नशिबानं अव्वानं एक वही चित्रं आहेत म्हणून कपाटात ठेवली होती, त्यातल्या पहिल्याच पानावर ‘धर’ होतं.